पाटीवर आकडा आहे, नावं कुठं आहेत?

प्रति,
सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, आणि ग्रामसभेला येणारे व न येणारे सर्व ग्रामस्थ यांस,

विषय : पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांची नावे शोधून गावात लावणेबाबत.

राम राम.

तुमच्यातल्या कित्येक गावांत जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. चावडी पडली असेल तर ती शाळेच्या वऱ्हांड्यात, देवळाच्या ओवरीत, नाहीतर ग्रामपंचायतीच्या अडगळीत भिंतीला टेकून उभी असेल. मजकूर इंग्रजीत असतो. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढंच. गेले किती आणि मेले किती, हे दोन आकडे. नाव एकाचंही नाही.

हे पत्र त्या नावांसाठी आहे.

माझी सगळी नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार क्लार्क म्हणून झाली. बंदुकीपेक्षा कागद जास्त हाताळले, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गावाकडं लोक लढाईच्या गोष्टी विचारत बसतात. क्लार्कच्या कपाटात प्रत्येक जवानाचा शीट रोल असतो, किंड्रेड रोल असतो. नाव, बापाचं नाव, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, अंगावरची खूण, बायकोचं नाव, पोरांच्या जन्मतारखा, माघारी कुणाला काय मिळायचं ते. पोराची जन्मतारीख एका दिवसानं चुकली तरी पार्ट टू ऑर्डर (नोंदीतला बदल जाहीर करणारा लष्करी हुकूम) दुरुस्त होईपर्यंत जवान बिचारा ऑफिसच्या दारात उभा असतो. जिवंत माणसाच्या बाबतीत इतकं काटेकोर असणारं खातं मेलेल्याच्या गावी मात्र आकडा लावून मोकळं झालं, याचं मला नोकरीत असल्यापासून कोडं होतं. निवृत्त झाल्यावर आसपासच्या तालुक्यांतल्या पाट्या बघत हिंडायला लागलो आणि कोडं आणखी वाढलं.

अपशिंगे सगळ्यांना माहीत आहे. नावापुढं ‘मिलिटरी’ लागलेलं, घरटी एक माणूस फौजेत अशी ख्याती असलेलं सातारा तालुक्यातलं गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि इंग्रज सरकारनं तिथं स्मारक उभारलं. हा आकडा साताऱ्यात शाळकरी पोरालाही पाठ असतो. मला काळजी आहे ती ज्या पाटीवर ‘३’ आहे, ‘२’ आहे, ‘१’ आहे त्या गावांची. तिथं वर्तमानपत्रवाले येत नाहीत. एका गावात (नाव सांगत नाही, उगाच भांडण नको) ती पाटी सूचनाफलकाच्या मागं होती. फलक खिळ्यावरून काढला तेव्हा खाली डिस्टेंपरचे तीन थर. ओल्या फडक्यानं हलकेच पुसत गेलो तशी अक्षरं वर आली. शेवटचा आकडा वाचताना शेजारी उभा असलेला शिपाई म्हणाला, “म्हणजे आपल्या गावचे चार जण तिकडं मेले व्हय?” त्याचं वय पन्नाशीच्या पुढचं. जन्म त्याच गावातला.

आता हे चौघं कुठं मेले असतील, ते सांगतो, कारण शोध तिथून सुरू करावा लागतो.

त्या युद्धात मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. भरती देशावरच्या आणि कोकणातल्या मराठ्यांची आणि दख्खनी मुसलमानांची. बहुतेक माणूस मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला. पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याकडं उतरली आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. तैग्रिस नदीच्या काठाकाठानं ही डिव्हिजन वर सरकत गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडं टेसिफॉनला लढाई झाली, प्रचंड माणूस पडला, आणि उरलेली फौज मागं हटून कूत-अल-अमारा या गावात शिरली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुर्कांनी वेढा घातला तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करेपर्यंत उठला नाही.

त्या वेढ्यात काय झालं हे आपल्या गावांत कुणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबतो. धान्य आटलं तसं घोडे आणि खेचरं मारून रेशन दिलं जाऊ लागलं. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी सुरुवातीला ते मांस घ्यायला नकार दिला. पिठाच्या तुटपुंज्या वाट्यावर राहिले. भाजीपाला नाही, त्यामुळं हिरड्या सुजून दात हलायला लागले, स्कर्व्ही झाला. नदीकाठचं गवत आणि पाला खुडून शिजवून खाल्ला. शेवटी एप्रिलमध्ये बहुतेकांनी मांसही खाल्लं. विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयोग झाला; त्यातली काही नदीत पडली, काही तुर्कांच्या हद्दीत. बाहेरून सोडवायला निघालेल्या फौजेचे जानेवारी ते एप्रिल या चार महिन्यांत सुमारे २३ हजार जण मेले आणि जखमी झाले, पण ती आत पोचली नाही. शरण गेलेल्यांना चालवत उत्तरेकडं नेलं, आणि हिंदी कैद्यांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. कित्येक वाटेत गेले, कित्येक कामावर.

पुढं कूत परत घेतलं, बगदाद घेतलं, आणि युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत, ऑक्टोबर १९१८ मध्ये, इराकमधल्याच शरकतला ११४ मराठा पलटणीनं अशी लढाई केली की त्या एका पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली. बेळगावच्या सेंटरमध्ये रिक्रूटला हे शिकवतात. रिक्रूटच्या गावात मात्र कुणाला ठाऊक नसतं.

तर तुमच्या पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा बहुधा या भागातला. आणि तिथंही तीच गत. बसऱ्याचं स्मारक १९२९ मध्ये उघडलं. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या ४० हजारांहून अधिक जणांचं ते स्मारक. इंग्रज सोजिराचं नाव भिंतीवर आहे, मग तो साधा प्रायव्हेट का असेना. हिंदी फौजेत मात्र फक्त अधिकाऱ्यांची नावं कोरली. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या पलटणीचं नाव घालून पुढं “आणि इतर इतके हिंदी सैनिक”. नावं नोंदवहीत ठेवली, दगडावर आकडा. अमारा गावी (हे कूत-अल-अमाराहून वेगळं) नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तिथं सुमारे ५ हजार जण आहेत आणि त्यांतल्या फक्त ९ जणांची ओळख लागलेली आहे, कारण कुणाला कुठं ठेवलं याची नीट नोंदच फौजेनं केली नव्हती. क्लार्क म्हणून हे वाचताना मला लाज वाटली, माझा त्यात काही हात नसला तरी.

या स्मारकांचा कारभार बघणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं २०२१ मध्ये स्वतःच चौकशी करून अहवाल काढला. हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान ४५ हजार मृतांना गोऱ्यांच्या बरोबरीनं वागवलं गेलं नाही, आणि लाखाच्या वर माणसं अशी की त्यांची नावानं नोंदच कुठं नाही, असं त्यात मान्य केलं आणि माफी मागितली. माफी ठीक आहे. पण नावं लिहायचं काम लंडनहून होणार नाही. दिल्लीहूनही होणार नाही. इंडिया गेटवर जी १३ हजारांवर नावं कोरलेली आहेत ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण युद्धात पडलेल्यांची. मेसोपोटेमियातला तुमचा माणूस तिथं सापडायचा नाही. २०१९ चं राष्ट्रीय युद्ध स्मारक स्वातंत्र्यानंतरच्या जवानांसाठी आहे. म्हणजे फिरून फिरून गोष्ट चावडीवरच येते.

आकडा लावून मोकळं व्हायची रीत आपली नव्हती आणि आधी इंग्रजांचीही नव्हती. भीमा-कोरेगावचा खांब बघा. १८१८ च्या लढाईबद्दल आज वाद आहेत, ते बोलणारे पुष्कळ आहेत, मी फक्त दगड वाचतो. त्या दगडावर साध्या शिपायांची नावं आहेत, आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणून ते महार होते हे आज आपल्याला कळतं. खांबाचं काम १८२१ मध्ये सुरू झालं. शंभर वर्षांनी, माणसं कितीतरी जास्त मेली तेव्हा, दगडावरून नावं गेली. कागदावर काम वाढलं की असंच होतं, हा माझा खात्यातला अनुभव; पण इथं रंगाचाही भाग होता, हे त्या अहवालानंच म्हटलंय.

आपली जुनी रीत म्हणजे वीरगळ. भैरोबाच्या पायरीशी, जोतिबाच्या वाटेवर, गावोगावी उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, वर तो शंकराच्या पिंडीपुढं बसलेला, माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर तर समुद्रावरच्या लढाईतल्या होड्या कोरल्यात. यांतल्या बहुतेकांवर अक्षर नाही. म्हणून आज आपण शेंदूर लावतो आणि ‘कुणीतरी देव’ म्हणून पाया पडतो. १९१४ ची माणसं अजून त्या अवस्थेला पोचलेली नाहीत. त्यांचे पणतू तुमच्या ग्रामसभेत बसलेत.

ग्रामसभेत हा विषय निघाला की एक जण उठून म्हणणारच, “ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचं आम्ही कशाला करायचं?” प्रश्न रास्त आहे आणि तो दाबू नका. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये होता. १८९६ ते १९०० चे दोन दुष्काळ ज्यांच्या बापांनी काढले, त्या घरातल्या धाकट्या पोराला दीड-दोन एकर माळ वाट्याला येणार होता. साताऱ्याच्या पूर्वेकडचा कुठलाही शेतकरी हा हिशेब बोटांवर करून दाखवील. कुणी पोटासाठी गेला, कुणी चुलत्याच्या मागं गेला, कुणाला पाटील-मामलेदारानं उचलून दिला. आणि राजकारण म्हणाल तर खुद्द टिळकांनी स्वराज्याच्या हक्काच्या बदल्यात भरतीला मदत करायची तयारी दाखवली होती. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते स्वराज्याबद्दल बोलू लागले तेव्हा गव्हर्नर विलिंग्डननं मधेच थांबवलं आणि ते उठून गेले. तेव्हा सरळ भाड्याचे सैनिक की सरळ देशभक्त असा निवाडा करायची गरज नाही. तो तुमच्या गावचा होता, गेला, आणि परत आला नाही. फलकावर तेवढंच लिहा. ‘धारातीर्थी’, ‘वीरगती’, ‘मातृभूमीसाठी’ असले शब्द तिथं खोटे पडतील आणि वाद त्यावरूनच पेटेल.

आता कामाचं.

नाव शोधायला सगळ्यात पहिली जागा म्हणजे घर. युद्धातून आलेलं चांदीचं पदक कुणाच्या पेटीत असेल तर त्याच्या कडेवर भिंगानं बघा. कडेवर नंबर, पद, नाव आणि पलटण कोरलेली असते. आपल्याकडं पुष्कळ पदकं सोनाराच्या मुशीत गेली, तोडे-वाळे झाली, तरी काही उरलीत. पदक चांदीचं नसून ब्राँझचं निघालं तर टाकून देऊ नका. मजूर पलटणीतल्या आणि फौजेबरोबर गेलेल्या बिनलढाऊ माणसांना तेच पदक ब्राँझमध्ये दिलेलं होतं. मेलेल्याच्या घरी आणखी एक वस्तू यायची : लहान ताटलीएवढी जड ब्राँझची चकती, वर एक उभी बाई आणि सिंह, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव. पद नाही, नुसतं नाव, कारण मेल्यावर सगळे सारखे असा त्यामागचा विचार होता. (जिवंतपणी मात्र नव्हता.) ही चकती कुणाच्या देव्हाऱ्यात असेल, कुणाच्या डब्याचं झाकण झाली असेल. आणि शोध भावकीपुरता ठेवू नका. मेलेल्याला मुलगीच असेल तर वस्तू आणि आठवण तिच्याबरोबर सासरी गेलेली असते. लेकीबाळींच्या गावी फोन करा.

दुसरी जागा मोबाइलमध्ये. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली नावं तिथल्या यादीत आहेत. पलटणीच्या नावानं शोधा, आणि ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गाव-जिल्हा बघा. सगळ्या नोंदींत नाही, पण बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. अडचण स्पेलिंगची. नाव सांगणारा कोकणातला, लिहिणारा मद्रासी किंवा बंगाली, टाइप करणारा लंडनचा. पवारचा पोवार, जाधवचा जादव, आणि गावाचं नाव तर असं झालेलं असतं की तिथल्या सरपंचालाही ओळखू येणार नाही. म्हणून गावाच्या नावानं शोधून सापडलं नाही की हात झटकू नका. तालुक्यानं शोधा, आडनावाच्या चार तऱ्हा करून शोधा. गावातल्या कॉलेजच्या पोरांना हे काम द्या. रील बघण्यात जातो त्याच्या अर्ध्या वेळात होईल.

तिसरी जागा तलाठी आणि तहसीलचं दप्तर. परदेशात मेलेल्याची मृत्यूनोंद कोतवाल बुकात असेलच असं नाही. पण त्याच्या मागं जमिनीला वारस लागला असेल तर जुन्या फेरफारात त्याचा उल्लेख निघतो, आणि कधीकधी कारणासकट. १९१८ च्या उत्तरार्धातल्या पानांकडं जरा जपून बघा. त्या वर्षी इन्फ्लुएन्झानं गावंच्या गावं झोपवली, त्यामुळं त्या महिन्यांच्या नोंदी दाटीवाटीनं आहेत. हे सगळं मोडीत असतं, आणि इथं लोक म्हणतात, “मोडी कोण वाचणार?” त्यावर माझं उत्तर असं : २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायच्या होत्या तेव्हा मोडी वाचणारे मिळालेच ना? तालुक्या-तालुक्यात दप्तरं उघडली, स्कॅन केली, वाचली. तेच कागद आहेत. एका कारणासाठी उघडलेल्या दप्तरात दुसरं कारण बघायला बंदी नाही. राज्य सरकारला या पत्राच्या निमित्तानं एवढंच मागणं आहे, की त्या स्कॅन केलेल्या कागदांत ‘पलटण’, ‘लष्कर’, ‘लाम’ (म्हणजे लढाईची आघाडी) असले उल्लेख असतील ती पानं वेगळी काढून जिल्ह्यांनी लोकांना खुली करावीत. पंजाबात गावनिहाय सैनिकांची रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात पडून होती. ती स्कॅन करून सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांची माहिती लोकांसमोर आणली गेली. मुंबई इलाख्याचा कागद आपण अजून हलवलेलासुद्धा नाही.

नावं जमवताना कुणाला गाळू नका. मेसोपोटेमियात नुसते बंदूकवाले गेले नव्हते. खेचरं हाकणारे, पखालवाले, डोलीवाले, न्हावी, स्वयंपाकी, मजूर पलटणीतले, आणि तुरुंगातून शिक्षा माफ करून नेलेले कैदीसुद्धा. पाटीवरच्या आकड्यात ते धरलेत की नाही हे गावागणिक बघावं लागेल. १९१७ मध्ये महारांची १११ नंबरची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. त्यांतली माणसं तुमच्याच गावांतली. आणि रत्नागिरीकरांनो, तुमचा माणूस पाटीवर नसेल, बंदरात असेल. पहिल्या युद्धात बोटीबरोबर बुडालेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. तिथं कोकणी मुसलमानांच्या घराण्यांची आडनावं शोधायला एकदा जा. मुंबईत असून तिथं पाऊल न टाकलेले कोकणी मी पुष्कळ बघितले.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडक्यात. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४, इटली. माणगावात त्यांचा पुतळा आहे. कबर नाही, नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या स्मारकावर आहे. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले आणि ते एकटे पुढं धावले, हे मानपत्रात लिहिलंय. मला त्या बाकीच्यांचं विचारायचंय. ते कुठल्या गावचे? तीच तारीख, तीच पलटण (३/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन) घालून कमिशनच्या यादीत बघा, आणि आपल्या तालुक्याचं नाव येतं का ते तपासा.

स्वातंत्र्यानंतरच्या जवानांबद्दल गावं जागी आहेत. अंत्ययात्रेला पंचक्रोशी लोटते, चौकाला नाव देतात, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद असतो. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक लावले, त्यावर गावच्या वीरांची नावं आहेत. आपल्या गावचा शिलाफलक आणि जुनी संगमरवरी पाटी शेजारी धरून वाचा. पाटीवर ‘४’ असेल आणि शिलाफलकावर १९१४ चा एकही नसेल, तर गावानं स्वतःच्याच दोन दगडांचा मेळ घातलेला नाही.

पाटीची निगा. ॲसिड लावू नका. संगमरवर ॲसिडनं विरघळतो आणि अक्षराची कड जाते. तारेचा ब्रश नको, ऑइल पेंट तर नकोच. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षर दिसत नसेल तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडलं की फोटो काढा, सगळं वाचता येतं. चावडी पाडून नवं ग्रामसचिवालय बांधताय तर ठेकेदाराला पाटी आधी काढून द्यायला सांगा, आणि ते इस्टिमेटमध्ये लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं जेसीबीला ऐकू येत नाही.

आणि जुन्या पाटीवर नवीन अक्षर कोरू नका. ती आहे तशी राहू दे, तिच्यातली गैरहजेरी हाही इतिहासच आहे. शेजारी नवा दगड लावा. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळ हिंदू आणि शीख सैनिकांना जिथं अग्नी दिला, तिथं १९२१ सालची छत्री आहे. तिच्यावर नावं नव्हती. २०१० मध्ये तिथं वेगळा दगड बसवून ५३ जणांची नावं लावली. तसंच करायचं. नव्या दगडावर नाव, बापाचं नाव, पद किंवा काम, पलटण, मेल्याची तारीख आणि ठिकाण. पद लहान की मोठं यावरून क्रम लावू नका, बाराखडीनं लावा. ज्याचं नाव सापडलं नाही त्याच्यासाठी एक ओळ कोरी सोडा. पुढं कधी सापडेल. सरपंच, आमदार, उद्घाटक, सौजन्य, ठेकेदार यांची नावं लावायचीच असतील तर मागच्या बाजूला लावा. मागची बाजू भिंतीला चिकटते, हे मला माहीत आहे.

जमवलेली माहिती गावातच ठेवू नका. फोटो, नाव, कागदाचं पान असं सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पाठवा, शेजारच्या गावांना द्या. एका गावाचा न जुळलेला माणूस दुसऱ्या गावाच्या यादीत जुळतो. मामाच्या गावाहून भरती झालेले पुष्कळ होते. फक्त एक पथ्य पाळा. कागद नसलेली गोष्ट ‘असं म्हणतात’ म्हणूनच लिहा. आजोबांनी एकट्यानं पन्नास तुर्क मारले, अशी गोष्ट घरोघरी आहे. ती जपा, पण दगडावर नको.

खर्चाचं म्हणाल तर एका दगडाला लागून किती लागणार आहे? यात्रेच्या तमाशाच्या सुपारीहून कमीच लागेल. ग्रामनिधीतून जमत नसेल तर मुंबईला असलेल्या चाकरमान्यांकडं शब्द टाका, ते अशा कामाला नाही म्हणत नाहीत.

ठरावाचा मसुदा खाली देतो, म्हणजे मसुदा नाही म्हणून विषय पुढं ढकलला, असं व्हायला नको. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, यांतली जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेवर घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये टाकू नका. तेव्हा सभेत सरपंच आणि लाउडस्पीकरवाला एवढेच उरलेले असतात.

ठराव : मौजे ________ येथील सन १९१४-१९१९ च्या महायुद्धाच्या पाटीची पाहणी करून तिचे छायाचित्र ग्रामपंचायत दप्तरी दाखल करण्यात यावे. पाटी मूळ जागेवरून हलविणे झाल्यास ग्रामसभेची पूर्वपरवानगी घ्यावी. सदर युद्धात गावातून गेलेल्या व मृत झालेल्या सर्व व्यक्तींची, त्या लढाऊ असोत वा बिनलढाऊ, नावे शोधण्यासाठी माजी सैनिक, शिक्षक, महिला सदस्य व विद्यार्थी यांची समिती नेमण्यात येत आहे. समितीने जमविलेली यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी, हरकती घ्याव्यात, आणि त्यानंतर जुन्या पाटीशेजारी नावांचा नवा दगड बसवावा. यादीची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास पाठवावी.
सूचक : ________
अनुमोदक : ________

जय हिंद.

आपला,
एक माजी हवालदार क्लार्क, मराठा लाइट इन्फन्ट्री
ता. कोरेगाव, जि. सातारा